वाटेत वळवलेला निरोप

जानेवारी १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान टपाल घेऊन निघू लागले. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडायच्या सुमारास प्रत्येक विमान आपल्या गावी परतलेले असे. ऑक्टोबर १९७३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षे, ही सेवा चालली. नागपूरच्या इतिहासात भोसल्यांना, सीताबर्डीच्या लढाईला, १९२० च्या काँग्रेस अधिवेशनाला आणि १९५६ च्या दीक्षाभूमीला त्यांचे हक्काचे स्थान मिळाले आहे. रात्रीच्या या डाकसेवेच्या वाट्याला मात्र फार तर एखादी ओळ येते. आज त्याच विमानतळाला लागून मिहान या मालवाहतूक आणि उद्योग प्रकल्पाचा विस्तार आहे. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची संकुले तिथे उभी आहेत. सॉफ्टवेअरच्या या धंद्यात जावा भाषेत लिहिलेल्या प्रणाल्या जगभर चालतात आणि त्यांत एका भागाने दुसऱ्या भागाला घातलेली हाक, म्हणजे मेथड कॉल, वाटेत अडवून तपासण्याची किंवा दुसरीकडे वळवण्याची एक पद्धत सर्रास वापरली जाते. तिला अस्पेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग म्हणतात. सोनेगावची अदलाबदल आणि ही पद्धत यांच्या मुळाशी एकच विचार आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि तो विचार कुठवर योग्य, कुठून पुढे घातक, हे ठरवायचे असेल तर संगणकशास्त्राच्या ग्रंथांइतकाच टपालखात्याचा इतिहासही उपयोगी पडतो.

मधल्या ठाण्याची ही भूमिका नागपूरकडे अचानक आलेली नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुंबईकडची शाखा १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने पूर्वेची बाजू जोडली आणि १९०० मध्ये मुंबई ते हावडा हा मार्ग नागपूरवरून पुरा झाला. १९२९ मध्ये बल्लारशा ते काझीपेट हा तुटक दुवा जोडला गेला आणि दिल्ली-मद्रास गाड्याही इथूनच धावू लागल्या. म्हणजे विमाने यायच्या वीस वर्षे आधीच देशाच्या चार दिशांचे रूळ या शहरात एकमेकांना छेदत होते. हवाई अंतरांचे गणितही तसेच सोयीचे होते. मुंबई सुमारे सातशे किलोमीटर, बाकी तिन्ही शहरे साडेआठशे ते हजार किलोमीटरच्या आत. त्या काळच्या डाकोटा विमानाला हे अंतर संध्याकाळनंतर निघून मध्यरात्रीपर्यंत गाठता येत होते, आणि उरलेल्या रात्रीत परतही जाता येत होते. सोनेगावची धावपट्टी त्याआधीपासून होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने ती मधला तळ म्हणून वापरली होती. स्वतंत्र भारताचे पहिले दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांनी या सगळ्या जुन्या सामग्रीतून एक नवी व्यवस्था उभी केली. सुरुवातीच्या काळात खासगी विमान कंपन्यांनी ती चालवली आणि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर ती इंडियन एअरलाइन्सकडे आली.

या व्यवस्थेची खरी हुशारी कागदावर मांडली की दिसते. चार शहरे एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. मध्ये एक ठाणे घेतले तर चारच पुरतात. शहरे आठ झाली तर थेट मार्ग अठ्ठावीस होतात, ठाण्यामार्गे आठ. पण नुसत्या बचतीपेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते थैलीचे वागणे. टपालखात्यात बंद थैलीचा शिरस्ता जुना आहे. मुंबईत मद्रासची पत्रे एका थैलीत भरायची, तोंड सुतळीने आवळायचे, गाठीवर मोहोर उमटवायची आणि गळ्यात लेबल बांधायचे. मधल्या ठाण्याने लेबल वाचायचे, मोहोर शाबूत आहे का ते पाहायचे, यादीवर थैलीची नोंद घ्यायची आणि ती पुढच्या वाहनात चढवायची. थैली उघडण्याचा अधिकार त्याला नाही आणि त्याची गरजही नाही. सोनेगावात प्रत्येक विमान तीन शहरांसाठीच्या थैल्या आणी आणि तीन शहरांकडून आलेल्या थैल्या नेई. एकूण बारा दिशांची ही उलटापालट अंधारात, घड्याळाकडे पाहत व्हायची. पत्र लिहिणाऱ्याला नागपूर माहीत नव्हते, पत्र वाचणाऱ्यालाही नव्हते. एप्रिल १९४९ पासून ‘ऑल-अप’ योजना लागू झाली, तेव्हापासून साधे पत्रही वेगळा आकार न घेता विमानाने जाऊ लागले. पाकिटावर पत्ता तोच, तिकीट तेच, पेटी तीच. बदलली ती फक्त मधली वाट. लाखो लोकांच्या सवयीला हात न लावता संपूर्ण देशाच्या पत्रव्यवहाराचा वेग वाढवता आला, तो यामुळेच. अमेरिकेत फेडरल एक्सप्रेसने मेम्फिस येथे रात्रीच्या अदलाबदलीचे ठाणे सुरू केले ते एप्रिल १९७३ मध्ये. व्यवस्थापनाच्या वर्गांत मेम्फिसचे उदाहरण आजही शिकवले जाते. सोनेगावला तेव्हा पंचविसावे वर्ष चालू होते, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते काम थांबले.

आता जावाकडे येऊ. मोठ्या प्रणालीत हजारो मेथड असतात आणि त्या एकमेकींना सतत बोलावत असतात. एखाद्या बँकेच्या प्रणालीत पैसे वळते करणारी एक मेथड, व्याज मोजणारी दुसरी, ग्राहकाला संदेश पाठवणारी तिसरी. यांतले प्रत्येक काम वेगळे, पण काही कामे सगळ्यांना सामाईक असतात: हाक कधी आली याची नोंद ठेवणे, हाक देणाऱ्याला तसा अधिकार आहे का ते तपासणे, मध्येच काही बिघडले तर सारा व्यवहार मागे घेणे. ही कामे प्रत्येक मेथडच्या पोटात लिहायची ठरवली तर तेच चार-पाच ओळींचे तुकडे शेकडो ठिकाणी पसरतात, आणि नियम बदलला की त्या शेकडो जागा शोधाव्या लागतात. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ग्रेगोर किचालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुखण्यावर नेमके बोट ठेवले. १९९७ मध्ये फिनलंडमधल्या एका परिषदेत त्यांनी निबंध मांडला आणि या पद्धतीला नाव दिले. २००१ मध्ये त्यांच्या अस्पेक्ट-जे या जावाच्या विस्ताराची पहिली पक्की आवृत्ती आली. पुढे २००४ मध्ये स्प्रिंग फ्रेमवर्क आले आणि व्यवसायातल्या सर्वसामान्य प्रोग्रॅमरच्या हातात हे साधन पडले, अनेकदा त्याला त्याचे नावही ठाऊक नसताना.

कामाची रीत अशी. अस्पेक्ट नावाच्या वेगळ्या जागी दोन गोष्टी लिहायच्या. पहिली, कोणत्या हाका अडवायच्या याचा नियम; त्याला पॉइंटकट म्हणतात. दुसरी, अडवल्यावर काय करायचे, ती अॅडव्हाइस. हाकेच्या आधी, नंतर किंवा सभोवती, अशी तीन प्रकारची अॅडव्हाइस असते. वळवण्याचे सामर्थ्य सभोवतीच्या, म्हणजे ‘अराउंड’ प्रकारात आहे. तिच्या हाती हाक येते, हाकेबरोबरची मूल्ये येतात आणि ‘प्रोसीड’ असा एक शब्द येतो. तो उच्चारला तर हाक मूळ ठिकाणी जाते. मूल्ये बदलून उच्चारला तर मूळ मेथडला बदललेली मूल्ये मिळतात. मुळीच उच्चारला नाही तर मूळ मेथड चालतच नाही. तिच्याऐवजी दुसऱ्याच मेथडला बोलावून तिचे उत्तर परत देता येते. चाचणीच्या वेळी खऱ्या ग्राहकांच्या फोनवर संदेश जाऊ नयेत म्हणून संदेश पाठवणारी प्रत्येक हाक एका नकली पेटीकडे वळवणे, किंवा जुनी सेवा बंद करताना तिच्याकडे येणारी मागणी गुपचूप नव्या सेवेकडे नेणे, ही कामे अशीच होतात. हाक देणाऱ्या कोडची एक ओळ बदलत नाही, हाक घेणाऱ्याचीही नाही. सोनेगावने पत्रांसाठी केले तेच हे.

ही तुलना ओढूनताणून आणलेली आहे, असा आक्षेप कोणी घेईल. टपाल ही माणसांची व्यवस्था, कोड ही यंत्राची. एकाला घाम येतो, दुसऱ्याला नाही. शिवाय थैली उघडली जात नव्हती, आणि अॅडव्हाइस तर हाकेतली मूल्ये वाचते व बदलतेही. या आक्षेपाचा दुसरा भाग खरा आहे आणि पुढे मी त्याच्याकडे येणार आहे. पहिला मात्र टिकत नाही, कारण मधल्या ठाण्याचा विचार संगणकशास्त्रातही जावाच्या कितीतरी आधीचा आहे. वॉरन टीटलमन यांनी १९६६ मध्ये एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात तयार प्रोसिजरच्या आतल्या कोडला न शिवता तिच्या दाराशीच हाक गाठून वागणूक बदलण्याची युक्ती मांडली होती आणि तिला ‘सल्ला देणे’ म्हटले होते. अस्पेक्टमधली अॅडव्हाइस ही त्याच सल्ल्याची पुढची पिढी. टीटलमनच्या सल्ल्याने साधारण एकेक प्रोसिजर नाव घेऊन गाठायची. किचालेस यांच्या मांडणीत एका नियमाने शेकडो हाका एकदम पकडता येऊ लागल्या. म्हणजे नवीनता अडवण्यात नव्हती, ती नियम लिहिण्याच्या रीतीत होती.

आणि नेमका हाच फरक टपालखात्यातही त्याआधीच पडला होता. पिन कोड येण्यापूर्वी रेल्वे मेल सर्व्हिसचा सॉर्टर डोक्यात नकाशा घेऊन उभा असे. एकाच नावाची दहा गावे, पत्ता कधी देवनागरीत तर कधी बंगालीत किंवा तमिळमध्ये, अक्षर लावता येईल न येईल. हे सगळे आठवणीच्या बळावर योग्य खणात पडायचे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपालखात्यातले हे मराठी अधिकारी संस्कृतचे कवी म्हणूनही मान्यता पावलेले होते. सहा आकड्यांत पहिला विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा छाननीचा जिल्हा. ४४ ने सुरू होणारे पत्र विदर्भाचे. ४४० म्हणजे नागपूर शहर, ४४५ म्हणजे यवतमाळकडचे. सॉर्टरला गावाचे नाव माहीत असण्याची गरज उरली नाही. सुरुवातीचे आकडे जुळले की पत्र कोणत्या खणात जाणार हे ठरले. पॉइंटकट अगदी असाच लिहितात. अमुक पॅकेजमधल्या, अमुक अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावाच्या सगळ्या मेथड, मग त्या आज अस्तित्वात असोत वा पुढच्या वर्षी कोणी लिहो. वेलणकरांच्या सहा आकड्यांनीही तेव्हा न वसलेल्या वस्त्यांची पत्रे आधीच ओळखून ठेवली होती. नमुन्यावरून ओळखणे म्हणजे भविष्यातल्या पत्रावर आजच नियम लावणे. ही ताकद मोठी आहे, म्हणून चुकीची किंमतही मोठी आहे.

आता तो आक्षेप, जो या पद्धतीच्या टीकाकारांनी सर्वांत जोराने मांडला. रॉबर्ट फिलमन आणि डॅनियल फ्रीडमन यांनी २००० मध्ये अस्पेक्ट पद्धतीची दोन लक्षणे सांगितली: एका नियमाने अनेक जागा पकडणे, आणि त्या जागांना याचा पत्ता नसणे. फ्रीडरिश श्टाइमान यांनी २००६ मध्ये दुसऱ्या लक्षणावरच हल्ला केला. कोड वाचणाऱ्याला समोरची ओळ खरोखर काय करणार हेच कळत नसेल तर भाग सुटे करून काय मिळवले, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. या आक्षेपात दम आहे. एखाद्याने मेथडचे नाव बदलले की तिचे पॉइंटकटशी जुळणे थांबते, कंपायलर बऱ्याचदा चकार शब्द काढत नाही आणि अधिकाराची तपासणी मुकाट्याने बंद पडते. स्प्रिंगमधला एक सापळा तर नव्या प्रोग्रॅमरला हमखास गाठतो. तिथे मूळ ऑब्जेक्टच्या पुढ्यात प्रॉक्सी नावाचा प्रतिनिधी बसवलेला असतो आणि बाहेरून येणारी हाक आधी त्याच्याकडे जाते. पण ऑब्जेक्टच्या एका मेथडने स्वतःच्याच दुसऱ्या मेथडला बोलावले तर ती हाक घरातल्या घरात राहते, प्रतिनिधीला भेटतच नाही, आणि तिच्यावर लावलेला ट्रान्झॅक्शनचा, म्हणजे बिघडल्यास व्यवहार मागे घेण्याचा, नियम लागू होत नाही. नागपुरातल्या नागपुरात, महालातून धंतोलीला टाकलेले पत्र सोनेगावला जात नसे, तसेच हे. फरक इतकाच की टपालातल्या माणसाला ते माहीत होते. प्रोग्रॅमरला बऱ्याचदा ग्राहकाचे पैसे अर्धवट वळते झाल्यावर कळते.

दुसरा आक्षेप ठाण्याच्या धोक्याचा. सगळे एका जागेवरून जाणार असेल तर ती जागा बिघडली की सगळेच बिघडते. नागपुरात धावपट्टी बंद पडली असती तर चारही शहरांची सकाळची डाक अडली असती. या सेवेने माणसांची किंमतही मोजली आहे: डिसेंबर १९५३ मध्ये सोनेगावहून मद्रासकडे निघालेले रात्रीचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि त्यातले सर्व प्रवासी मरण पावले. कोडमध्ये सहसा जीव जात नाहीत, पण नोंद ठेवणाऱ्या एका सदोष अस्पेक्टमुळे आख्खी प्रणाली मंदावते, आणि सभोवतीच्या अॅडव्हाइसमध्ये ‘प्रोसीड’ लिहायचे राहिले तर शेकडो हाका वाटेतच संपतात. याचे उत्तर ठाणे नकोच, असे नाही. शेकडो ठिकाणी विखुरलेली चूक शोधण्यापेक्षा एका ठिकाणची चूक शोधणे नेहमीच सोपे असते. मात्र त्या एका ठिकाणावर तितकी नजर हवी. टपालखात्याने ती मोहोर, यादी आणि सही या तीन साध्या साधनांनी ठेवली होती. थैली कुठे हरवली हे कागदावरून शोधता येई. अस्पेक्ट लिहिणाऱ्यांपैकी किती जण आपण वळवलेल्या हाकेची अशी नोंद ठेवतात, हा प्रश्न विचारायला हवा.

आणि आता थैली उघडण्याचा मुद्दा, जो माझ्या मते सर्वांत गंभीर आहे. वाटेत निरोप अडवण्याची सोय आणि वाटेत निरोप वाचण्याची सत्ता यांच्यातली रेघ फार बारीक आहे. ब्रिटिश सरकारने १८८५ च्या तार कायद्यातल्या पाचव्या कलमाने आणि १८९८ च्या टपाल कायद्यातल्या सव्विसाव्या कलमाने ती ओलांडण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला होता. स्वातंत्र्यानंतर तो अधिकार पुसला गेला नाही. १९८६ मध्ये संसदेने तो आणखी वाढवणारे टपाल विधेयक मंजूर केले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते शेवटी बारगळले. १९९६ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फोन ऐकण्यावर बंधने घातली. ते थांबवावे असे न्यायालय म्हणाले नाही. आदेश वरिष्ठ अधिकाऱ्यानेच द्यावा, लेखी द्यावा, मुदतीचा असावा आणि समितीने तो तपासावा, असे म्हणाले. २०२३ च्या नव्या टपाल कायद्यातही अडवण्याचे कलम आहेच, म्हणून हा प्रश्न जुना झालेला नाही.

फोन ऐकण्याबद्दलच्या त्या निकालात मला सोनेगाव आणि जावा या दोघांनाही लागू पडणारी कसोटी दिसते. निरोप पाठवणाऱ्याला मधले ठाणे माहीत नसणे यात गैर काही नाही. ते माहीत नसावे म्हणूनच तर व्यवस्था उभी राहते. पण त्याने विचारले तर त्याला कळायला हवे. ऑल-अप योजना सरकारने जाहीर केली होती. पत्र कोणत्या वाटेने जाते हे कोणालाही विचारता येत होते. पत्र उघडून वाचणारा सेन्सॉर मात्र त्याच पत्राच्या वाटेवर बसून ते कळू न देण्यासाठीच काम करतो. दोघेही निरोप अडवतात, तरी एकात अज्ञान ही सोय आहे आणि दुसऱ्यात ते हत्यार आहे. श्टाइमान यांच्या आक्षेपालाही माझे उत्तर हेच. अस्पेक्टने हाक अडवली म्हणून कोड बिघडत नाही. अडवण्याचा नियम एका ठरलेल्या जागी, वाचता येईल असा, कारणासह लिहिलेला नसेल तर बिघडतो. अधिकाराची तपासणी, व्यवहार मागे घेणे, नोंद ठेवणे ही कामे अस्पेक्टमध्ये खुशाल जावीत, कारण ती सर्वांना सारखी लागू आहेत आणि तशी जाहीर करता येतात. व्याजाचा दर बदलणे, ग्राहकाची रक्कम दुसऱ्या खात्याकडे नेणे असले धंद्याचे निर्णय अॅडव्हाइसमध्ये लपवणे म्हणजे मधल्या ठाण्यावर थैली उघडणे होय, आणि ते करू नये. तंत्र दोन्हीला सारखीच मुभा देते, म्हणून ही मर्यादा तंत्राकडून येणार नाही. ती लिहिणाऱ्यानेच पाळायची आहे.

नागपूरला देशाचे मालवाहतुकीचे ठाणे करण्याचे स्वप्न मिहानच्या (मल्टि-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट) नावातच आहे, आणि त्याची चर्चा होते तेव्हा जणू ही कल्पना या शतकात सुचली असे बोलले जाते. सोनेगावने ती पंचवीस वर्षे प्रत्यक्ष चालवून दाखवली, तीही संगणकाविना. त्या सेवेचा शेवटचा काळ पाहिलेले टपालखात्यातले, विमानतळावरचे आणि इंडियन एअरलाइन्समधले कर्मचारी आज पंचाहत्तरीच्या पुढे गेले असतील. ज्यांच्या घरी त्या काळची ड्यूटीची वही, थैल्यांच्या याद्या, थैलीचे लेबल, धावपट्टीवरचे छायाचित्र किंवा रात्रीच्या विमानाने आलेले शिक्का उमटलेले पाकीट असेल, त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नये. विदर्भातल्या एखाद्या ग्रंथालयाने किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने ते गोळा करावे, आणि जे बोलू शकतात त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे. हे काम पुढच्या चार-पाच वर्षांतच होऊ शकेल.